चंद्रकलाबाई सोरते आणि पांढरी चौकट

चंद्रकलाबाई सोरते या गांधीबागेतील एका छापखान्यात काम करीत होत्या. त्याच छापखान्यात मी कागद मोडण्याचे व शिवण्याचे काम करीत असे. त्या कोणत्याही पदावर नव्हत्या व त्यांचा सत्कार कधी झाला नाही. आमच्या प्रौढ वर्गाच्या गुरुजींनी पाहण्यातल्या एका व्यक्तीविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा मला त्यांच्याशिवाय दुसरे कोणी आठवले नाही. येथे माणसे जशी बोलली तसेच त्यांचे बोलणे लिहिले आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

चंद्रकलाबाईंचे माहेर उमरेडचे. वडील श्रावणजी हे विणकर होते. घरात एकच माग होता व तो मधोमध असल्यामुळे घरातील सर्व माणसे त्याला वळसा घालूनच जगत असत. मुली रहाटावर बसून सुताच्या कांड्या भरीत. मागावर बसण्याचा मान पुरुषांचा होता. चंद्रकलाबाई आठ-नऊ वर्षांच्या असताना एके दुपारी श्रावणजी पाणी पिण्यास उठले. लुगड्याच्या काठात एका धाग्याचा गुंता झाला होता. आपण तो सोडवावा असे त्या मुलीला वाटले. गुंता सुटेना, म्हणून तिने तो धागा दाताने तोडला.

श्रावणजींनी ते दारातून पाहिले.  त्यांनी आडवा धागा नेणारा मागावरचा लाकडी धोटा उचलला व तिच्या तोंडावर फेकून मारला. धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंड असते. ते टोक उजव्या भुवईवर लागले व भुवई फाटली. रक्त लुगड्यावर सांडले. मग लुगड्यावर रक्त सांडले म्हणून त्यांनी तिला परत मारले, आणि या वेळी मागाच्या दोरीने मारले. आई मैनाबाई मध्ये पडल्या तर त्यांनाही मार मिळाला. शेवटी मैनाबाईंनी जखमेत हळद भरून वर चिंधी बांधली.

संध्याकाळी श्रावणजींनी त्याच मुलीला जवळ बसविले. काठाची उलटी बाजू वर करून दाखविली. वरून जेथे फुलांची नक्षी होती, तेथे खालून लांबच लांब धागे नुसते पडलेले होते.

"हे पाह्य," ते म्हणाले. "फुलाले नको असन तं धागा खाली जाते. तोडाचा नाही वं कधी. खाली दाबाचा. वरून दिसला नाही म्हणजे झालं. तोडला का सारा काठ उसवते. समजलं?"

"समजलं जी."

"मंग रडू नको. कांडी भर."

ही गोष्ट चंद्रकलाबाई मला अनेकदा सांगत. भुवईवरची ती रेघ त्यांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत राहिली.

सातवी झाल्यावर त्यांचे लग्न नागपूरच्या चंद्रभान सोरते यांच्याशी झाले. चंद्रभानचे वडीलही विणकरच होते, परंतु त्याने माग सोडून दिला होता. तो गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलण्याचे काम करी व सकाळ-संध्याकाळ बाबनराव पहिलवानाच्या आखाड्यात जाई. बाबनराव हा त्या बाजारातील मोठा मनुष्य होता. कोणती हातगाडी कोठे उभी राहील व कोणाची हटेल, हे तो पानाच्या दुकानासमोर खुर्ची टाकून ठरवीत असे. जो ऐकणार नाही त्याच्याकडे आखाड्यातील माणसे जात. चंद्रभान हा त्या माणसांपैकी एक होता.

बाहेर ज्या हाताने तो लोकांना मारी, त्याच हाताने तो घरी मारी. चंद्रकलाबाईंनी पुष्कळ वर्षे ते सहन केले. एकदा कुस्तीच्या दंगलीत चंद्रभानची पाठ लागून तो हरला. तो घरी आला तेव्हा चंद्रकलाबाई खलबत्त्यात मसाला कुटीत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "जाऊ द्या जी, पुढच्या वेळी जिंकान."

चंद्रभान म्हणाला, "मले हासून राहिली तू?"

"नाही जी. हासू कायले?"

"हासूनच राहिली."

त्याने त्यांच्या हातातील बत्ता हिसकावला, त्यांचा डावा हात फरशीवर दाबून धरला व बोटांवर बत्ता घातला. एकदा नव्हे, बोटे सपाट होईपर्यंत. मुलगी तारा तेव्हा पाळण्यातून नुकतीच उतरली होती. ती दाराशी उभी राहून हे पाहत होती. हाडे पुढे जुळली, परंतु वाकडीच जुळली. त्या हाताने चंद्रकलाबाईंना त्यानंतर वाटी धरता येत असे, सुई धरता येत नसे.

पट्टी निघाल्यावर त्या ताराला कडेवर घेऊन निघाल्या व नंदनवनात एक खोली घेऊन राहू लागल्या. चंद्रभानने ते दार दोन वेळा फोडले. दुसऱ्या वेळी शेजारच्या बायका लाटणी व उलथणी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा तो शिव्या देत परत गेला.

आमच्या छापखान्याचे मालक गोपाळराव यांनी चंद्रकलाबाईंना चिकटकामासाठी ठेवले. त्या काळी अक्षरांच्या पट्ट्या कापून कागदावर चिकटवाव्या लागत व त्यांच्याभोवती शाईच्या पेनाने चौकटी आखाव्या लागत. चंद्रकलाबाईंची नजर चांगली होती. परंतु डावा हात पट्टी घट्ट धरू शकत नसे, त्यामुळे पट्टी घसरे व रेघ वाकडी जाई. गोपाळराव म्हणत, "बाई, ही चौकट आहे का जिलेबी?" आमचे मशीनवाले नत्थूजी लगेच म्हणत, "मालक, जिलेबी तरी गोल असते." चंद्रकलाबाईही हसत. परंतु आपले काम कधीही जाईल ही भीती त्यांना होती, हे मी जाणत होते.

पुढे एकोणनव्वदच्या आसपास गोपाळरावांनी कॉम्प्युटर आणला. तो कसा चालवावा हे शिकविण्यास कंपनीचा एक माणूस आला. त्याने पडद्यावरच्या कोपऱ्यातील लहानशी पेटी दाखविली. तीत रेघेचे टूल होते, चौकटीचे टूल होते, गोलाचे टूल होते व काढलेली वस्तू पकडण्यासाठी बाणाचे टूल होते. आम्ही सर्व कामे टाकून ते पाहावयास उभे होतो. त्या माणसाने चंद्रकलाबाईंचा उजवा हात माउसवर ठेवला.

त्या म्हणाल्या, "माझा डावा हात कामाचा नाही जी. माझी रेघ सरळ येत नाही."

तो म्हणाला, "डाव्या हाताने फक्त ही शिफ्टची कळ दाबून धरा. आता रेघ ओढा."

त्यांनी वाकड्या बोटांनी ती कळ दाबून धरली व उजव्या हाताने रेघ ओढली. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. त्यांनी तीच कळ दाबून गोल काढला, तर तो बांगडीसारखा गोल आला. चंद्रकलाबाईंनी पडद्याला हात लावून पाहिला.

तो माणूस म्हणाला, "पेनाला तीन बोटे लागतात, बाई. याला एकच लागते. हे पहिले बोट सांभाळा म्हणजे झाले."

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवीत आहे.

काही महिन्यांत त्या कामात त्यांच्याइतके तरबेज आमच्याकडे कोणी राहिले नाही. लग्नपत्रिकेची महिरप असो वा दुकानाच्या जाहिरातीची नक्षी असो, त्या गोल, चौकट व रेघ यांतूनच सर्व उभे करीत. त्या म्हणत, "सिंधू, लुगड्याच्या काठात तरी दुसरं काय असते वं? आडवं अन् उभं." ज्या हाताचे नाव पूर्वी त्या लाजेने घेत, तो हात आता कळेवर ठेवून त्या बसत. ताराला शाळेत घातले होते. त्या दिवसांत मी त्यांना गुणगुणताना ऐकले आहे.

त्यांची एकच सवय गोपाळरावांना आवडत नसे. पानावरील एखादी वस्तू नको असली तर ती पुसून टाकण्याची कळ असते. ती कळ चंद्रकलाबाई दाबीत नसत. नको असलेल्या वस्तूवर त्या एक चौकट काढीत, तिच्यात पांढरा रंग भरीत व तिची कडेची रेघ काढून टाकीत. अशी चौकट पडद्यावर मुळीच दिसत नाही. तिच्याखालील वस्तूही दिसत नाही व छापली जात नाही. परंतु ती वस्तू तेथेच असते.

गोपाळराव म्हणत, "अहो, पुसून टाका ना! दाबून काहून ठेवता? तुमच्या एका पानाखाली दहा पानं पुरलेली राहतात."

"नाही जी, माझ्यानं तोडवत नाही."

"इथं कुठं धागा आहे?"

"नसन. पण हात जात नाही, मालक."

त्या वर्षी श्रावण महिन्यात बाबनराव पहिलवानाचा वाढदिवस आला. पत्रक आमच्याकडेच छापले. पानाच्या तळाशी जाड अक्षरांत एक ओळ होती, 'आमचे आधारस्तंभ बाबनराव पहिलवान', व तिच्याभोवती नक्षीची चौकट होती. चंद्रकलाबाईंनी ते काम चांगले करून दिले. 

त्यानंतर पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते व तिच्याबरोबर बडग्ये निघतात. ज्या गोष्टीचा लोकांना वीट आला असेल तिचा मोठा पुतळा करून, गावभर मिरवून, त्याला जोडे मारून तो शेवटी जाळतात. त्यालाच बडग्या म्हणतात. बाजारातील एका मंडळाच्या तरुणांनी त्या वर्षी डासाचा बडग्या केला होता. त्याची पत्रके वाटण्यासाठी ते आमच्याकडे आले.

चंद्रकलाबाईंनी जुनेच पान घेतले, कारण त्याची बाहेरची नक्षी तरुणांना पसंत पडली होती. बाबनरावच्या ओळीवर त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे पांढरी चौकट टाकली. वर 'यंदाचा आमचा बडग्या' अशी अक्षरे घातली. खाली गोलाच्या टूलने डासाचे मोठे पोट काढले, लहान गोलाने डोके काढले, रेघांनी सोंड व पाय काढले. तरुण पाहून खूश झाले.

एक जण म्हणाला, "काकू, पोट अजून वाढवा ना. रक्त पेऊन पेऊन फुगलं पाहिजे."

काकूंनी कोपऱ्याचा काळा ठिपका धरून पोट ओढले व फुगविले. इतक्यात ताराच्या शाळेतून निरोप आला की मुलीला ताप भरला आहे. चंद्रकलाबाई काम तसेच ठेवून गेल्या.

तरुणांनी गोपाळरावांना सांगितले की डास फारच खाली आला आहे, थोडा वर घ्या. गोपाळरावांना ते काम थोडेसेच येत असे. चंद्रकलाबाई असत्या तर त्यांनी एकेक तुकडा धरून उचलला असता. गोपाळरावांनी बाणाने साऱ्या डासाभोवती एकच वेढा घातला, मग डोके कोठवर येते ते पाहण्यासाठी पान मोठे केले व सर्व एकदम वर ओढले. त्या वेढ्यात ती न दिसणारी पांढरी चौकटही आली. डास वर गेला, त्याच्याबरोबर चौकटही वर गेली. जुनी ओळ व तिची नक्षी चंद्रकलाबाईंनी आधीच जागेवर पक्की करून ठेवली होती, म्हणून ती तेथेच राहिली. पडद्यावर तेव्हा पान मोठे करून ठेवलेले असल्यामुळे केवळ डासाचे डोके दिसत होते, तळ दिसत नव्हता. नमुन्याचा कागद प्रिंटरमधून निघता निघता समोरच्या दुकानदाराने गोपाळरावांना फोनवर बोलावणे आल्याचे ओरडून सांगितले. गोपाळराव तिकडे गेले व कागद तरुणांच्या हाती पडला. त्यांनी तो वाचला, एकमेकांकडे पाहिले व तोंड दाबून हसू लागले. त्यांना वाटले की छापखान्याने मुद्दाम ही गंमत केली आहे. तो कागद त्यांनी स्वतःच नत्थूजींकडे नेला. नत्थूजींना वाचता येत नव्हते. मलाही येत नव्हते. त्यांनी छापले, मी मोडले.

पत्रकावर वर लिहिले होते, 'यंदाचा आमचा बडग्या'. मध्ये फुगलेल्या पोटाचा, रक्त पिणारा डास होता. आणि त्याच्या पायाखाली जाड अक्षरांत, नक्षीच्या चौकटीत लिहिले होते, 'आमचे आधारस्तंभ बाबनराव पहिलवान'.

मिरवणुकीत ते पत्रक हातोहात गेले. ज्या हातगाडीवाल्यांनी कित्येक वर्षे मान खाली घातली होती, ते त्या दिवशी पोट धरून हसले. बडग्याला जोडे मारताना कोणी डासाचे नाव घेतले नाही, बाबनरावचे घेतले. बाबनराव आपल्या खुर्चीवर बसून ते ऐकत होता.  त्याने एक पत्रक मागून घेतले, घडी घातली व खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा चहा आला, त्याच वेळी ते जिना चढून आले. बाबनराव पुढे होता व मागे लाठ्या आणि सायकलची साखळी घेतलेली माणसे होती. त्यांत चंद्रभानही होता. नत्थूजी मध्ये उभे राहून म्हणाले, "काय झालं गा, पहिलवान? आधी बोला तर खरं." त्यांचे वाक्य पूर्ण होण्याआधी लाठी त्यांच्या खांद्यावर बसली. गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नंतर शाईचे डबे भिंतीवर फुटले, कागदांचे गठ्ठे जिन्यावरून खाली फेकले गेले, खिडकीच्या काचा फुटल्या. मला एका माणसाने रद्दीच्या ढिगावर ढकलले व साखळी दाखवून "उठली तं पाह्य" असे सांगितले. गोपाळरावांना दोघांनी धरले व तिसऱ्याने मारले. त्यांच्या तोंडातून रक्त आले व दाताचा तुकडा शर्टावर पडला.

बाबनरावने खिशातून घडी काढून उलगडली.

"हे कोणं केलं?"

गोपाळराव म्हणाले, "मी नाही... बाई करते हे काम. बाईनं केलं."

"कोण बाई?"

चंद्रभान मोठ्याने हसला. "माही बायको, वस्ताद. तिथं उभी आहे."

चंद्रकलाबाई कॉम्प्युटरच्या पुढे उभ्या होत्या. त्यांनी पळण्याचा प्रयत्न केला नाही. त्या म्हणाल्या, "नाव माझ्यानं खाली राहिलं. मी पुसलं नाही. वर काढलं नाही मी."

"खाली होतं म्हणते! म्हणजे माहं नाव तुह्या डासाखाली होतं?"

"कोणाच्याही खाली नव्हतं. दाबून ठेवलं होतं."

"मले दाबते?" बाबनराव म्हणाला. "ज्या हातानं हे केलं थो हात राहिला नाही पाहिजे. चंद्रभान, तुही बायको ना बे? मंग पाहून काय राहिला? तूच कर."

चंद्रभानने त्यांना केस धरून फरफटत ओढले. त्यांनी त्याच्या मनगटाला चावा घेतला, त्याने त्यांचे डोके दाराच्या चौकटीवर आपटले. तो त्यांना कटिंग मशीनपाशी घेऊन गेला. हे कागदाचे गठ्ठे कापण्याचे मशीन असते. खाली लोखंडाचा ओटा असतो, वर रुंद पाते असते व डाव्या अंगाला लांब दांडा असतो. दांडा खाली ओढला की पाते उतरते. चंद्रभानने त्यांचा उजवा हात त्या पात्याखाली ओट्यावर पालथा दाबला व वरून स्वतःचा पंजा ठेवला. त्याचा पंजा मोठा होता. त्याची बोटे त्यांच्या बोटांच्याही पुढे, पात्याच्या पार गेलेली होती. हे त्याच्या ध्यानात आले नसावे. त्याने खांद्याने त्यांना ओट्याशी चेपून धरले होते.

"हात सरळ ठेव," तो म्हणाला. "एक तं मी केलाच आहे. आता जोडी होऊन जाईन."

बाबनराव एका माणसाला म्हणाला, "ओढ बे दांडा."

तो माणूस दांड्याकडे आला, परंतु त्याने चंद्रभानच्या हाताकडे पाहिले व थांबला. "वस्ताद, याचाही हात—"

"बायको धरता येत नाही बेट्याले, हात कुठून समजन! अबे चंद्रभान, हात मांगं घे!"

त्या एका क्षणात जे झाले ते मी रद्दीच्या ढिगावरून स्वच्छ पाहिले. चंद्रकलाबाईंनी आपला हात मागे ओढला नाही, कारण तो निघणार नव्हता. त्यांनी त्या पंज्याखाली केवळ अंगठा व पहिले बोट आत दुमडून घेतले. नंतर त्यांनी डावा हात लांब केला. ती वाकडी बोटे दांड्याभोवती नीट वळत नव्हती, म्हणून त्यांनी दांडा कोपराच्या खोबणीत घेतला व साऱ्या अंगाचा भार देऊन खाली ओढला.

पाते उतरले. आवाज कागद कापताना होतो तसाच झाला, थोडा ओला.

चंद्रभान ओरडला नाही. तो प्रथम ओट्याकडे पाहतच राहिला. त्याच्या उजव्या हाताला अंगठ्याखेरीज काहीही राहिले नव्हते. त्याची चार बोटे ओट्यावर पडली होती व त्यांच्याजवळ दोन लहान तुकडे होते, ते चंद्रकलाबाईंचे होते. त्यांची करंगळी व तिच्या शेजारचे बोट अर्धे अर्धे गेले होते. मधले बोट दुमडताना अर्धवटच आत आले होते, ते सोलले होते. नंतर रक्त आले व मग चंद्रभान ओरडला. ते ओरडणे पूर्ण बाजाराने ऐकले.

चंद्रकलाबाई दांडा धरूनच उभ्या होत्या. त्यांचे रक्त कोपरापर्यंत आले होते. त्या बाबनरावला म्हणाल्या, "अजून कोणी आहे का धरणारं? ठेव म्हणा हात."

कोणीही पुढे आले नाही. दांड्याकडे आलेला तो माणूस उलटी करीत जिना उतरला. बाबनरावने चंद्रभानला उचलण्यास सांगितले. जाताना बाबनरावच्या हातून ते पत्रक खाली पडले व त्याच्यावर पाय पडून ते शाईत मिसळले.

मी माझे लुगडे फाडून चंद्रकलाबाईंचा हात बांधला. दवाखान्यात नेताना टांग्यात त्यांचे दात वाजत होते. मला वाटले की त्या शुद्धीवर नाहीत. मी रडत म्हणाले, "हे काहून केलं वं बाई? तुमचाच हात!"

त्यांनी बांधलेल्या फडक्यातून पहिले बोट थोडे हलवून दाखविले.

"हे आहे ना," त्या म्हणाल्या. "माउसले एकच लागते."

पोलिसांनी विचारपूस केली. बाबनरावच्या माणसांनी व स्वतः चंद्रभाननेही मशीनवर अपघात झाला असे सांगितले. आखाड्यातील गड्याची बोटे बायकोने कापली हे त्यांना कोणाच्याही तोंडी यावयास नको होते. चंद्रकलाबाईंनी मात्र हवालदाराला सांगितले, "दांडा मी ओढला." हवालदार म्हणाला, "बाई, चाललं आहे तसं चालू द्या." त्याने अपघातच लिहिला.

जखम भरण्यास बरेच दिवस गेले. गोपाळरावांनी छापखाना पुन्हा उभा केला. कागदाच्या खोक्यांच्या आडोशाला असल्यामुळे कॉम्प्युटर वाचला होता. ज्या दिवशी चंद्रकलाबाई कामावर परत आल्या, त्या दिवशी चंद्रभान खाली जिन्यापाशी उभा होता. त्याचा हात फडक्यात होता. आखाड्यातून त्याला काढून टाकले होते व गाठीत आकडा अडकवून उचलणे त्याला आता जमत नव्हते.

तो म्हणाला, "चंद्रकला, मले कोणी कामावर घेत नाही वं."

"मंग?"

"मंग काय... तूच सांग. नवरा आहो मी तुहा."

चंद्रकलाबाई पायरीवर थांबल्या. मला वाटले की त्या रडतील किंवा त्याच्या अंगावर जातील. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिले.

"अंगठा राहिला ना तुमचा?" त्या म्हणाल्या. "सही तं तुम्ही कधी केलीच नाही. अंगठाच लावत होते. तेवढ्यात भागन तुमचं."

"अशी बोलते?"

"दार परत फोडाल तं घरीही एक विळी आहे."

एवढे बोलून त्या वर आल्या. तो बराच वेळ खाली उभा होता, मी खिडकीतून पाहिले. नंतर तो गेला. तो नंदनवनात परत कधी आला नाही.

चंद्रकलाबाई खुर्चीवर बसल्या. वाकडा डावा हात कळांवर ठेवला, आखूड झालेला उजवा हात माउसवर ठेवला. प्रथम माउस हातातून निसटे, कारण कडेने धरावयास बोटे उरली नव्हती. त्यांनी तळहाताचा भार देऊन तो धरला. पडद्यावर मारबतीचे तेच पान उघडले गेले. डास वर होता व तळाशी बाबनरावचे नाव नक्षीच्या चौकटीत होते.

गोपाळराव पाठीमागे आले. त्यांचा पुढचा दात नव्हता. ते हळूच म्हणाले, "बाई, त्याच्यावर पुन्हा पांढरी चौकट टाकून द्या. नक्षी चांगली आहे, पुढं कामी येईल."

चंद्रकलाबाईंनी बाणाने ती ओळ धरली. तिच्याभोवती काळे ठिपके उमटले. मग त्यांनी पांढरी चौकटही धरली.  उजव्या भुवईवर, जेथे ती जुनी रेघ होती, तेथे त्यांनी मनगटाने घाम पुसला.

"नाही जी," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या बोटाने पुसण्याची कळ दाबली.

नाव गेले. चौकट गेली. बाकीचे पान जसेच्या तसे राहिले, काहीच उसवले नाही. चंद्रकलाबाई पडद्याजवळ वाकून हे पुन्हा पुन्हा पाहत होत्या. नंतर त्यांनी डासाचे पोट धरले व तेही पुसले. मग त्याचे पाय, सोंड, डोके, वरची अक्षरे व बाहेरची नक्षी त्यांनी एकेक करून पुसली. पान पूर्ण कोरे झाले तेव्हा त्यांनी मागे न पाहता हात पुढे केला.

"सिंधू, नवं काम कोणतं आहे, थे दे."

मी त्यांना एका बारशाच्या पत्रिकेचा कागद दिला.